तिसरा ऑक्टोपस वेगळा निघाला, म्हणजे नवी प्रजाती सापडली का?

प्रश्न लातूरहून आला आहे. तुम्ही एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून तीन ऑक्टोपस आणलेत. बर्फात ठेवल्याने रंग उडालेला, दिसायला तिन्ही सारखेच. प्राण्यांची ओळख पटवायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा क्रम काढून तो जेनबँकेत, म्हणजे डीएनए क्रमांच्या जगभरच्या खुल्या साठ्यात, ब्लास्ट या तुलनेच्या प्रणालीने जुळवून बघितलात. दोन नमुने अँफिऑक्टोपस नेग्लेक्टसशी ९९ टक्के जुळले. तिसरा कशाशीच धड जुळला नाही. सर्वांत जवळचं नाव आलं ऑक्टोपस वल्गारिस, तेही ८९ टक्क्यांवर. तुमचे सर म्हणतात, तीन टक्क्यांच्या वर फरक गेला की वेगळी प्रजाती. तेव्हा ही नवी प्रजाती म्हणायची का, आणि समुद्र नसलेल्या मराठवाड्यात बसून हे काम पुढे नेता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी छत्रपती संभाजीनगरला मासे आणि मृदुकाय प्राण्यांचे डीएनए बारकोड, म्हणजे ओळखीपुरते डीएनएचे छोटे तुकडे, वाचण्याचं काम बरीच वर्षं करते. कोकणातून आलेले ऑक्टोपसही त्यात असतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, येईल. पहिल्याचं उत्तर आहे, अजून नाही. का नाही, ते जरा सविस्तर सांगते, कारण या विषयातली सगळी गंमत आणि सगळी जबाबदारी त्या ‘अजून’मध्ये आहे.

आधी ८९ टक्के म्हणजे काय ते बघू. सीओआयचा जो तुकडा आपण वाचतो तो डीएनएच्या साधारण ६५८ अक्षरांचा असतो. ११ टक्के फरक म्हणजे सत्तरेक अक्षरं वेगळी. ऑक्टोपसच्या एकाच प्रजातीतल्या दोन जनावरांत एवढा फरक सहसा नसतो. तिथे तो बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांच्या आत राहतो. म्हणजे तुमचा तिसरा नमुना ऑक्टोपस वल्गारिस नाही आणि तुमच्या पहिल्या दोघांच्या प्रजातीचाही नाही, एवढं धरून चाला. पण ब्लास्ट फक्त साठ्यात असलेल्यांपैकी सर्वांत जवळचं कोण ते दाखवतो. साठ्यात जे नाही त्याबद्दल तो गप्प असतो. जगात ऑक्टोपसच्या सुमारे ३०० प्रजातींना नावं दिलेली आहेत, आणि त्या सगळ्यांचे क्रम साठ्यात नाहीत. जे आहेत त्यांतल्या कित्येकांवरचं नाव जनावर नीट न तपासता लावलेलं असतं. ८९ टक्क्यांवर तर मी वंशाचंही, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचंही, नाव लावणार नाही. तुमचा नमुना ‘ऑक्टोपस’ या वंशातला आहे असंही त्यावरून ठरत नाही.

तेव्हा खरा प्रश्न टक्क्यांचा नाहीच. वाचलेला क्रम त्या जनावराचाच आहे का, त्या जनावराला आधीच कुणी नाव दिलेलं आहे का, आणि दिलेलं नसेल तर ते आपल्या जवळच्या नातलगांपासून खरोखर तुटलेलं आहे का, असे ते तीन प्रश्न आहेत. नवी प्रजाती ही घोषणा या तिन्हींच्या पलीकडे येते.

पहिला प्रश्न प्रयोगशाळेचा, त्यावर फार वेळ घालवत नाही. ऑक्टोपसच्या ऊतीत चिकट शर्करायुक्त द्रव्यं भरपूर असतात, ती पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवतात. म्हणून डीएनए काढायला आम्ही सीटॅब पद्धत वापरतो आणि हाताच्या टोकाचा किंवा प्रावाराच्या, म्हणजे धडाच्या पिशवीसारख्या आवरणाच्या, स्नायूचा तुकडा घेतो. पोटाजवळचा तुकडा टाळायचा, नाहीतर त्याने खाल्लेल्या खेकड्याचा क्रम हाती यायचा. क्रम दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. मग त्याचं प्रथिनात भाषांतर करून बघा, आणि ते करताना संगणकाला अपृष्ठवंशीयांचा मायटोकॉन्ड्रियल संकेत द्यायला विसरू नका, कारण सीओआय हा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएतला जनुक आहे. नेहमीचा संकेत दिला की टीजीए हा तीन अक्षरांचा गट ‘थांबा’ असा वाचला जातो. या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा असतो. योग्य संकेत देऊनही मधेच थांबा येत असेल, तर तुम्ही बहुधा जनुकाची पेशीच्या केंद्रकात जाऊन पडलेली निकामी प्रत वाचली आहे, किंवा वाचनातच चूक आहे. तिसऱ्या नमुन्याचा डीएनए नव्या तुकड्यातून पुन्हा काढा आणि पुन्हा वाचा. हे झाल्याशिवाय पुढचं काहीच बोलू नका.

आता दुसरा प्रश्न. नाव आधीच असेल तर? इथे ऑक्टोपस वल्गारिसचीच कथा सांगायला हवी, कारण तुमच्या निकालात ते नाव आलं आहे आणि ते फार फसवं नाव आहे.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने १७९७ मध्ये ही प्रजाती वर्णिली, ती युरोपातल्या जनावरावरून. मग शे-दीडशे वर्षांत जपान, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत, जिथे जिथे असा मध्यम आकाराचा, खडबडीत कातडीचा, तपकिरी ऑक्टोपस मिळाला तिथे तिथे हेच नाव लागत गेलं. त्यात कुणाचा आळस नव्हता. ऑक्टोपसला कवच नाही, हाडं नाहीत, मोजायला चोच आणि खरखरीत जीभ सोडली तर कठीण काही नाही. रंग आणि कातडीचा पोत तो क्षणात बदलतो. फॉर्मॅलिनमध्ये आक्रसतो, हात तुटलेले असतात किंवा अर्धवट पुन्हा उगवलेले असतात. काचेच्या बरणीतल्या दोन पांढुरक्या गोळ्यांत फरक शोधायचा तो कसा?

डीएनए वाचता येऊ लागला तेव्हा हे चित्र विस्कटलं. २००० साली मायटोकॉन्ड्रियल जनुकांच्या तुलनेत ब्राझीलचे ‘वल्गारिस’ भूमध्य समुद्रातल्यांपासून दूरचे निघाले. २००८ मध्ये ब्राझीलकडच्या बेटांवरून ऑक्टोपस इन्सुलॅरिस वेगळा वर्णिला गेला. २०१६ मध्ये पूर्व आशियातल्या जनावरांना ऑक्टोपस सिनेन्सिस हे नाव परत मिळालं. २०२० मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्यांना ऑक्टोपस अमेरिकानस म्हणायचं ठरलं. खरा वल्गारिस भूमध्य समुद्र आणि ईशान्य अटलांटिकपुरता उरला. आपल्याकडे सातबारावर आजोबांचं एकच नाव असतं आणि शेतात वाटण्या कधीच्या झालेल्या असतात, तसंच हे होतं. नोंद तेवढी जुनी राहिली होती.

यातली दोन नावं मुद्दाम बघा. सिनेन्सिस हे नाव दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८४१ मध्येच दिलेलं होतं. अमेरिकानस त्याहून जुनं, १८०२ चं. दोन्ही नावं वल्गारिसमध्ये विलीन करून बाजूला ठेवली गेली होती. म्हणजे डीएनएने जी फट दाखवली तिथे नवं नाव द्यायची गरजच नव्हती, जुनं नाव झटकून उभं करायचं होतं. तुमच्या तिसऱ्या नमुन्याबाबत मला सर्वांत जास्त शक्यता हीच वाटते: वर्णन झालेली, भारतीय किनाऱ्यावरून माहीत असलेली, पण जिचा भरवशाचा सीओआय क्रम अजून साठ्यात नाही अशी प्रजाती. ते सापडणंही छोटं काम नाही. नाव आणि क्रम यांची योग्य गाठ बांधून देणं हे पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या उपयोगाचं असतं.

तीन टक्क्यांचं म्हणाल, तर सरांचं चुकत नाही. चाळणी म्हणून तो आकडा कामाचा आहे, आम्हीही पहिली विभागणी तशीच काही करतो. पण तो निसर्गाचा नियम नाही. दोन प्रजाती नुकत्याच वेगळ्या झाल्या असतील तर सीओआयमध्ये त्यांचा फरक फारच थोडा दिसतो. उलट एकाच प्रजातीचे दोन समूह दीर्घकाळ दुरावलेले असतील तर फरक मोठा दिसू शकतो आणि तरी ती एकच प्रजाती असू शकते. डीएनए दर वेळी संख्या वाढवतो असंही नाही. ऑक्टोपसचा भाऊबंद महाकाय स्क्विड घ्या. त्याला वेगवेगळ्या समुद्रांतल्या तुकड्यांवरून वीसेक नावं मिळाली होती. २०१३ मध्ये जगभरच्या ४३ नमुन्यांचे मायटोकॉन्ड्रियल जीनोम तपासले, तर वैविध्य इतकं कमी निघालं की आर्किट्युथिस डक्स ही एकच प्रजाती मानावी लागली. प्रशांत महासागरातल्या ऑक्टोपस मिमस आणि ऑक्टोपस हबसोरम यांनाही पुढच्या अभ्यासात एकच ठरवलं गेलं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, उत्तर काय यावं हे मनाशी ठरवून डीएनएकडे जाऊ नका.

आता तिसरा प्रश्न, तुटलेपणाचा. खरा अभ्यास इथून सुरू होतो.

सीओआय मायटोकॉन्ड्रियात असतो आणि तो फक्त आईकडून येतो. त्याच्यावरून तुम्हाला आईच्या आईच्या आईची रेषा कळते, पूर्ण वंशावळ कळत नाही. दोन रेषा वेगळ्या दिसल्या तरी त्यांतल्या मादी-नरांचे आजही संबंध येत असतील तर ती एकच प्रजाती. ते तपासायला आईबाप दोघांकडून येणारे केंद्रकातले जनुक हवेत. ऑक्टोपसमध्ये ऱ्होडॉप्सिनचा जनुक त्यासाठी बराच वापरला जातो. पैसा आणि सोय असेल तर जीनोमभर, म्हणजे सगळ्या डीएनएभर, पसरलेली हजारो एकअक्षरी भेदस्थानंही तपासता येतात. सीओआयने पाडलेले दोन गट केंद्रकातल्या जनुकांनीही तसेच पाडले, तर संशय बळावतो.

त्यातही हे दोन गट कुठे राहतात यावर पुष्कळ अवलंबून आहे. एक वेरावळचा आणि एक कन्याकुमारीचा घेतला आणि फरक दिसला, तर तो नुसत्या अंतराचाही असू शकतो. मधल्या बंदरांवरचे नमुने आणले की ती फट हळूहळू भरूनही येते. म्हणून दोन टोकांवरून कधी निष्कर्ष काढू नये. पण दोन गट एकाच पाण्यात, एकाच जाळ्यात सापडले आणि तरी त्यांच्या केंद्रकातल्या डीएनएत मिसळ नाही, तर एकत्र यायची संधी असूनही ते येत नाहीत असं म्हणता येतं. याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. म्हणूनच तुमचे तिन्ही नमुने एकाच बंदरावरचे आहेत ही गोष्ट मला मोलाची वाटते, फक्त ते एकाच पाण्यातले आहेत का हे कळायला हवं. त्यावर पुढे बोलते.

अलास्काचं उदाहरण याचसाठी मला फार आवडतं. प्रशांत महासागरातला महाकाय ऑक्टोपस, एन्टरोक्टोपस डोफ्लाइनी, हा जगातला सर्वांत मोठा आणि चांगला अभ्यासलेला. २०१२ मध्ये प्रिन्स विल्यम साउंड या आखातातल्या नमुन्यांच्या डीएनएत दोन वेगळ्या रेषा दिसल्या. त्यानंतर संशोधकांनी जिवंत जनावरं पुन्हा निरखून बघितली. २०१७ मध्ये त्यांनी मांडलं की दुसऱ्या रेषेच्या जनावरांच्या अंगाला कडेने झालरीसारखी घडी असते, डोळ्यांजवळ पापण्यांच्या केसांसारखे उंचवटे असतात आणि डोक्यावर एकाऐवजी दोन पांढरे ठिपके असतात. इतकी वर्षं मच्छीमारांच्या आणि अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर असलेलं जनावर. डीएनएने कुठे बघायचं ते दाखवलं आणि मग डोळ्यांना दिसलं. माझ्या मते डीएनएचं काम हे आहे. तो निवाडा देत नाही, नेमकं कुठे बघायचं ते सांगतो.

डीएनए नसतानाही जाणत्या नजरेने अशा जोड्या सोडवलेल्या आहेत, हेही लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या दोन ठिपक्यांच्या ऑक्टोपसांत दोन प्रजाती आहेत, हे १९४९ मध्ये ठरलं. मोठे दिसायला जवळजवळ सारखे, पण एकाची अंडी लहान आणि दुसऱ्याची मोठी. लहान अंड्यांतली पिल्लं काही काळ पाण्यात तरंगत दूर जातात, मोठ्या अंड्यांतली जन्मल्या जन्मल्या तळाशी राहायला लागतात. याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. तळाशी राहणारी पिल्लं फार दूर जात नाहीत, त्यामुळे त्यांचे समूह लवकर तुटतात. म्हणून अंडी असलेली मादी मिळाली तर अंड्याची लांबी मोजून ठेवाच.

प्रजातीच्या आतला फरकही वाया जात नाही, हे सांगायचा मोह आवरत नाही. अंटार्क्टिकाच्या भोवतीचा टर्केटचा ऑक्टोपस ही एक प्रजाती आहे. तिच्या ९६ नमुन्यांचा डीएनए तपासून २०२३ मध्ये असं दाखवलं गेलं की वेडेल, अमुंडसेन आणि रॉस या समुद्रांतले समूह सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळत होते. आज मधे पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फाचा थर आहे. तो थर तेव्हा वितळून समुद्राची वाट मोकळी झाली असल्याशिवाय ही मिसळ शक्य नाही. ऑक्टोपसच्या हाताच्या टोकातून आपल्याला पृथ्वीच्या तापमानाचा इतिहास वाचता येतो. तुमच्या पहिल्या दोन नमुन्यांत एकमेकांपासून जे दोन-चार अक्षरांचे फरक असतील, तेही जपून ठेवा.

आता तुमच्या नमुन्यांकडे येते. तिसरा नमुना एकटा आहे, आणि एकट्या नमुन्यावर फार भार टाकू नये. निळ्या वलयांच्या विषारी ऑक्टोपसांपैकी हापालोक्लेना नियरस्ट्राझी ही प्रजाती १९३८ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या एकाच नमुन्यावरून वर्णिली गेली. दुसऱ्या नमुन्याचं वर्णन यायला २०१३ उजाडलं. मधली पाऊणशे वर्षं त्या प्रजातीत किती विविधता असते, तिची खरी ओळख कोणती, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. तुमच्या तिसऱ्याचे आणखी सोबती मिळवा, शक्यतो नर आणि मादी दोन्ही.

पुढच्या खेपेला बंदरावर गेलात की काय कराल? बर्फात जायच्या आधीचं जनावर मिळेल तेवढं ताजं बघा आणि नैसर्गिक रंगात, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. अँफिऑक्टोपसच्या काही प्रजातींत डोळ्यांखाली हातांच्या बुडाशी डोळ्यासारखा गोल डाग असतो आणि नेग्लेक्टसमध्ये त्यात चमकदार कडं दिसतं. बर्फात हे सगळं पुसलं जातं. हाताच्या टोकाचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, आणि तो घेतल्यानंतरच उरलेलं अख्खं जनावर फॉर्मॅलिनमध्ये घाला, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. दोन्हींवर एकच क्रमांक, पेन्सिलीने लिहिलेला. शाई इथेनॉलमध्ये विरघळते. बहुतेक ऑक्टोपसांत नराचा उजवा तिसरा हात समागमासाठी बदललेला असतो आणि त्याच्या टोकाचा आकार ओळखीसाठी फार उपयोगी पडतो. तेवढा हात तुकड्यासाठी कापू नका.

आणि बंदर म्हणजे ठिकाण नव्हे. ट्रॉलर कुठून कुठे फिरून येतात. होडीवरच्या तांडेलाला नम्रपणे विचारा: जाळं कुठे लावलं, किती वाव (खोलीचं माप) पाण्यात, तळ खडकाळ की चिखलाचा. ही माणसं त्या पाण्यात जन्म काढतात, त्यांचं उत्तर तुमच्या वहीतला सर्वांत मोलाचा मजकूर असतो. त्याशिवाय ‘एकाच पाण्यातले दोन गट’ हा मुद्दा तुम्हाला मांडताच येणार नाही.

मराठवाड्याचं म्हणाल तर अडचण समुद्राची नाही, उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये एस.टी.ने आणलेल्या कुप्यांतलं इथेनॉल झाकण सैल असेल तर उडून जातं आणि तुकडा वाळतो. झाकणावर पॅराफिनची पट्टी गुंडाळा आणि पोचल्याबरोबर इथेनॉल बदला. लोडशेडिंगचा भरवसा नाही, तेव्हा शीतपेटीवर अवलंबून न राहता प्रत्येक तुकड्याची एक प्रत इथेनॉलमध्ये वेगळ्या जागी ठेवा. बाकी सोयी आहेत. आमच्या विद्यापीठात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, पॉल हेबर्ट यांच्या नावाने डीएनए बारकोडिंगचं केंद्रच आहे. २००३ मध्ये सीओआयवरून प्राण्यांची ओळख पटवण्याची कल्पना मांडणारे ते हेच हेबर्ट. क्रमांची तुलना, वंशवृक्ष, फरकांची गणितं हे सगळं मोफत प्रणालींवर लातूरच्या संगणकावर होतं. जनावरं शेवटी भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे जमा करता येतात, त्यांचं पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. नमुना जपलेला नसेल तर तुमचा क्रम कितीही चांगला असला तरी पुढे कुणालाही तो पडताळता येणार नाही.

आणखी एक सुचवते. हात बसवायला गोदावरीचं पाणी जवळ आहे. मरळीच्या जातकुळीतला छोटा मासा, चन्ना गाचुआ, याच्या नावाखाली आशियाभर अनेक रेषा दडल्याचं डीएनएतून दिसलं आहे. हीच पद्धत, हेच प्रश्न, आणि नमुने एका दिवसात हाती.

प्रकल्पाच्या शीर्षकात ‘नवी प्रजाती’ लिहू नका. ‘रत्नागिरी बंदरावरील ऑक्टोपसांची सीओआय आधारित ओळख’ एवढं पुरेसं आहे. तिसऱ्या नमुन्याला त्याचा क्रमांक आणि ‘ओळख अनिश्चित’ असा शेरा. जेनबँकेत क्रम टाकतानाही त्याला वल्गारिस म्हणू नका. तसं केलंत तर पुढचा विद्यार्थी तुमच्याच नोंदीशी शंभर टक्के जुळवून मोकळा होईल. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण यात फक्त नावाचा प्रश्न नाही. दोन प्रजाती बंदरावर एकाच नावाने उतरवल्या जात असतील आणि त्यांतली एक कमी होत असेल, तर एकूण वजनाच्या आकड्यात ते कधीच कळत नाही.

तिसऱ्या जनावराचं शरीर तुमच्याकडे अजून असेल तर आजच एक गोष्ट बघा. ते उलटं करा, तोंडाकडची बाजू वर. हातांच्या बुडाशी, दोन हातांमधल्या पडद्यावर बारीक छिद्रं दिसतात का? दिसली तर आत छोट्या पिशव्या असतील आणि तुमचं जनावर सिस्टोपस वंशातलं आहे. मग तुलना वल्गारिसशी नाही, सिस्टोपस इंडिकसशी आणि २०१५ मध्ये भारताच्या नैऋत्य किनाऱ्यावरून वर्णिलेल्या सिस्टोपस प्लॅटिनॉइडसशी करायची. छिद्रं नसतील तर डोळ्यांखालच्या भागाचा आणि उजव्या तिसऱ्या हाताच्या टोकाचा स्पष्ट फोटो इथे टाका, तिथून पुढे बघू.